विल्यम मिलर व जगाच्या अंताचें गणित

आपल्या पुराणांनीं कलियुगाचें मान ४,३२,००० वर्षांचें सांगितलें आहे, आणि पारंपरिक गणनेप्रमाणें तें युग ख्रिस्तपूर्व ३१०२ सालीं सुरू झालें. म्हणजे अजून चार लक्षांहून अधिक वर्षें शिल्लक आहेत. आणि तीं संपलीं तरी पुढें पुन्हां कृतयुग आहेच. ज्या समाजाच्या कालकल्पनेंत अंत इतका दूर आणि तोहि इतका तात्पुरता आहे, त्यास जगबुडीच्या तारखेची धास्ती सहसा पडत नाहीं. सहसा म्हणावयाचें, कारण १९६२ सालच्या फेब्रुवारींत अष्टग्रहीच्या योगामुळें आपल्याकडेहि यज्ञयागांची धामधूम उडाली होती. परंतु तो प्रसंग ज्योतिषाचा होता. धर्मग्रंथांतील वर्षें मोजून कोणीं तो काढलेला नव्हता. ख्रिस्ती धर्माची गोष्ट याहून निराळी आहे. तेथें काळ हा सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघून ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे व अंतिम न्यायाकडे सरळ रेषेनें जातो. रेषेला शेवट असावयाचाच; आणि शेवट आहे म्हटलें कीं तो किती दूर आहे हें मोजून पाहण्याचा मोह मनुष्यास आवरत नाहीं. या मोहाचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेंत १८४४ सालीं घडला. तो थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम या गणिताची सामग्री कोठून येते तें पाहिलें पाहिजे. जुन्या करारांतील दानीएलाचा ग्रंथ आणि नव्या कराराच्या शेवटीं येणारें प्रकटीकरणाचें पुस्तक हीं तिचीं दोन मुख्य उगमस्थानें होत. दोहोंतहि श्वापदें आणि शिंगें, शिक्के आणि कर्णे अशा प्रतीकांची गर्दी आहे, आणि त्यांच्या जोडीस आंकडे आहेत: सत्तर आठवडे, १२६० दिवस, २३०० संध्याकाळ-सकाळ, आणि ती प्रसिद्ध ६६६ ही संख्या. गणना व यहेज्केल या ग्रंथांत एकेका ठिकाणीं एका वर्षाबद्दल एक दिवस धरल्याचा उल्लेख आहे. तेवढ्या आधारावर भाष्यकारांनीं भविष्यवचनांतील प्रत्येक दिवस म्हणजे एक वर्ष असा सामान्य नियम बसविला, आणि मग गणिताला मोकळें रान मिळालें. लॉगरिथमचा शोध लावणारा जॉन नेपियर यानें १५९३ सालीं प्रकटीकरणावर ग्रंथ लिहून सतराव्या शतकाच्या अखेरीस अंत होईल असें अनुमान काढलें. जर्मन पंडित बेंगेल याचें गणित १८३६ सालावर येऊन थांबलें. खुद्द न्यूटननेंहि या दोन ग्रंथांवर विवेचन लिहिलें असून तें त्याच्या मृत्यूनंतर १७३३ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र त्यांत त्यानें एक सावधगिरीची सूचना देऊन ठेविली आहे. हीं भविष्यें मनुष्यास भविष्यवेत्ता करण्यासाठीं दिलेलीं नाहींत. घटना घडून गेल्यावर तींत ईश्वराची योजना ओळखतां यावी, एवढाच त्यांचा हेतु, असें त्याचें मत होतें. तात्पर्य, हा नाद केवळ भोळ्याभाबड्यांचा होता असें समजण्याचें कारण नाहीं.

विल्यम मिलरहि भोळा नव्हता. त्याचा जन्म १७८२ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाला. पुढें न्यूयॉर्क प्रांतांतील लो हॅम्प्टन येथें तो शेती करून राहिला. वाचनाची त्यास फार आवड होती. तरुणपणीं तो ईश्वर मानणारा परंतु बायबलास ईश्वरप्रणीत न मानणारा असा बुद्धिवादी होता. १८१२ च्या इंग्रज-अमेरिकन युद्धांत तो कप्तान होता, आणि १८१४ सालीं प्लॅट्सबर्गच्या लढाईंत संख्येनें कमी असलेल्या अमेरिकन सैन्यास मिळालेला जय पाहून मनुष्याच्या कारभारांत ईश्वराचा हात असावा असें त्याच्या मनानें घेतलें. १८१६ सालीं तो श्रद्धावान् ख्रिस्ती झाला. तेव्हां त्याच्या जुन्या बुद्धिवादी मित्रांनीं त्यास बायबलांतील विसंगती दाखविण्यास सुरुवात केली. त्यांस उत्तर देण्यासाठीं मिलरनें एक निश्चय केला: सर्व भाष्यें दूर ठेवावयाचीं, बायबल आणि त्याची शब्दसूचि एवढींच जवळ घ्यावयाचीं, आणि एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनावरून लावीत पहिल्या पानापासून वाचीत जावयाचें. दोन वर्षांच्या अशा अध्ययनानंतर, १८१८ सालीं, तो एका निष्कर्षास पोंचला, आणि त्या निष्कर्षानें तो स्वतःच हादरून गेला.

त्याची मांडणी अशी होती. दानीएलाच्या आठव्या अध्यायांत पवित्रस्थान २३०० संध्याकाळ-सकाळ लोटल्यावर शुद्ध होईल असें सांगितलें आहे. दिवस म्हणजे वर्ष धरलें तर हीं २३०० वर्षें झालीं. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, आणि तिची शुद्धि म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनसमयींचा अग्नि. आतां ही मुदत सुरू केव्हां होते? नवव्या अध्यायांतील सत्तर आठवडे, म्हणजे ४९० वर्षें, याच मुदतीचा पहिला भाग होत, आणि त्यांचा आरंभ यरुशलेमच्या पुनर्रचनेच्या आज्ञेपासून सांगितला आहे. ती आज्ञा म्हणजे इराणचा राजा अर्तहशश्त यानें आपल्या कारकीर्दीच्या सातव्या वर्षीं एज्रास दिलेली सनद, अर्थात् ख्रिस्तपूर्व ४५७. तेथून ४९० वर्षें मोजलीं कीं ख्रिस्ताच्या वधाचा सुमार येतो, आणि २३०० मोजलीं कीं १८४३ साल येतें. ज्या मोजपट्टीचें एक टोंक ख्रिस्ताच्या क्रुसावर इतकें नेमकें बसतें, तिचें दुसरें टोंक तरी खोटें कां असावें?

या युक्तिवादाचें सामर्थ्य मान्य केलें पाहिजे. त्यांतील बेरीज-वजाबाकी कोणासहि तपासतां येत होती. परंतु त्यांत एक गोष्ट सहज दृष्टीआड होते. एज्राच्या ग्रंथांत सातवें वर्ष एवढेंच आहे. ख्रिस्तपूर्व ४५७ हा आंकडा बायबलांत कोठेंहि नाहीं. तो लौकिक इतिहासाच्या कालगणनेवरून निघतो, आणि त्या काळच्या इंग्रजी बायबलांच्या समासांत आर्चबिशप अशर याच्या सतराव्या शतकांतील गणनेप्रमाणें सालें छापलेलीं असत. भाष्यें दूर ठेवून केवळ मूळ ग्रंथ वाचणाऱ्याच्या गणिताचा पाया अशा रीतीनें ग्रंथाबाहेरच्या आंकड्यावर रचला गेला. केवळ मूळ वाचणें हें वाटतें तितकें सोपें नसतें.

तेरा वर्षें मिलरनें हा निष्कर्ष फारसा बोलून दाखविला नाहीं. चूक असेल तर आपण लोकांस फसवूं, आणि बरोबर असून गप्प बसलों तर त्यांच्या नाशाचे धनी होऊं, या दुहेरी भयांत तो होता. अखेर १८३१ सालीं ड्रेस्डन या गांवीं त्यानें पहिलें व्याख्यान दिलें. पुढें १८३९ मध्यें बॉस्टनच्या जोशुआ हाइम्स या धर्मोपदेशकाची गांठ पडली आणि खेड्यांतील व्याख्यानांची एक मोठी चळवळ झाली. हाइम्स हा प्रसिद्धीच्या कलेंत निपुण होता. त्यानें वृत्तपत्रें काढलीं, श्वापदांचीं चित्रें व आंकडे यांचे मोठे तक्ते छापविले, आणि हजारों लोक मावतील असा तंबू गांवोगांव फिरविला. १८३३ च्या नोव्हेंबरांतील उल्कावर्षाव लोकांच्या स्मरणांत होता. १८४३ च्या आरंभीं भरदिवसां दिसणारा धूमकेतू उगवला. त्यांतच १८३७ पासून व्यापाराची मंदी होती. ज्यांचें या जगांत बस्तान नीट बसलेलें नव्हतें त्यांस हें जग लौकरच संपणार ही वार्ता शुभवार्ता वाटली, यांत नवल नाहीं. अनुयायांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती असा अंदाज सांगतात.

मिलरनें आपली मुदत २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ अशी सांगितली होती. ती टळली. त्यानें आपली निराशा उघडपणें कबूल केली. तेवढ्यांत एक दुरुस्ती पुढें आली: ख्रिस्तपूर्व व ख्रिस्तोत्तर यांच्यामध्यें शून्य साल नसल्यामुळें २३०० वर्षें १८४३ मध्यें पुरीं होत नाहींत, १८४४ मध्यें होतात. १८४४ च्या ऑगस्टांत न्यू हॅम्पशायरमधील एक्झेटर येथील मेळाव्यांत सॅम्युअल स्नो यानें यापुढचें पाऊल टाकलें. यहुदी धर्मांत पवित्रस्थानाच्या शुद्धीचा वार्षिक दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीस येतो. तेव्हां ख्रिस्तहि त्याच तिथीस येणार. ही तिथि कराई पंथाच्या गणनेप्रमाणें धरून त्यानें २२ ऑक्टोबर हा दिवस काढला. सर्वसाधारण यहुदी समाजानें तो सण त्या वर्षीं २३ सप्टेंबरासच पाळला होता. पण उत्साहाच्या भरांत असले प्रश्न कोण विचारतो? खुद्द मिलर नेमका दिवस सांगण्याच्या विरुद्ध होता. लोकांची निष्ठा पाहून ऑक्टोबरच्या आरंभीं, अगदीं शेवटच्या पंधरवड्यांत, त्यानें मान डोलाविली. पुढाऱ्यानें अनुयायांच्या मागून जावें असा हा प्रसंग होता.

मग कित्येकांनीं दुकानें बंद केलीं, देणीं फेडलीं, जुन्या वैऱ्यांची क्षमा मागितली. कित्येक शेतकऱ्यांनीं उभें पीक तसेंच राहूं दिलें. तें काढणें म्हणजे आपल्याच श्रद्धेवर अविश्वास दाखविणें होय, असें त्यांस वाटे. शुभ्र झगे घालून ते टेंकड्यांवर जाऊन बसले, ही जी गोष्ट थट्टेनें सांगितली जाते तिला मात्र विश्वसनीय पुरावा नाहीं. बहुतेक लोक घरांत किंवा प्रार्थनामंदिरांत शांतपणें वाट पाहात बसले होते. रात्रीचे बारा वाजले. तेवीस तारखेचा सूर्य नेहमींप्रमाणें उगवला. हायरम एडसन या शेतकऱ्यानें पुढें लिहून ठेविलें आहे कीं आपण व आपले सोबती पहांट होईपर्यंत रडत होतों. जिवलग माणसाच्या मृत्यूहून हें दुःख मोठें होतें. कारण मेलेला भेटेल ही आशाच त्या पहांटे डळमळली होती. या प्रसंगास इतिहासांत महानिराशा हें नांव पडलें आहे.

येथें चळवळ संपावयास हवी होती. तसें झालें नाहीं. कित्येक जण श्रद्धा टाकून गेले, कित्येक शेकर नांवाच्या पंथास मिळाले, कित्येकांनीं नव्या तारखा काढल्या. त्याच सकाळीं मक्याच्या शेतांतून जातां जातां एडसनच्या मनांत असा अर्थ स्फुरला कीं तारीख बरोबर होती, घटना मात्र चुकीची ओळखली गेली: पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी नव्हे, तें स्वर्गांतील आहे, आणि २२ ऑक्टोबरास ख्रिस्तानें तेथें प्रवेश केला. एलन व्हाइट प्रभृतींनीं या विचाराभोंवतीं संघटना उभारली, आणि १८६३ सालीं सातव्या दिवसाचा ॲडव्हेंटिस्ट पंथ रीतसर स्थापन झाला. आज त्याचे अनुयायी जगभर दोन कोटींहून अधिक असून पुण्यांतील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची आहे. भविष्य खोटें ठरल्यावर श्रद्धा कशी टिकते या प्रश्नाचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर व त्याचे सहकारी यांनीं १९५६ सालीं ग्रंथरूपानें मांडला, तेव्हां मिलरच्या अनुयायांचा दाखला त्यांनीं आवर्जून घेतला. मात्र त्या शेतकऱ्यांस केवळ मनोविकारांचे नमुने समजणें अन्यायाचें होईल. ज्यानें आपलें शेत पणास लाविलें त्याला आपल्या आयुष्याचा कांहीं तरी अर्थ परत मिळविणें भागच होतें.

आतां मूळ ग्रंथाकडे वळूं. दानीएलाचा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासाच्या काळचा म्हणून सांगितला आहे. परंतु तो ग्रीक राजा चौथा अँटिओकस याच्या छळाच्या काळीं लिहिला गेला, असें पॉर्फिरी या तत्त्वज्ञानें तिसऱ्या शतकांतच प्रतिपादिलें होतें, आणि आधुनिक विद्वानांपैकीं बहुतेकांस तें मान्य आहे. या राजानें ख्रिस्तपूर्व १६७ मध्यें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें. ख्रिस्तपूर्व १६४ मध्यें यहुद्यांनीं तें परत घेऊन शुद्ध केलें. संध्याकाळ आणि सकाळ यांची दोन नित्य अर्पणें धरलीं तर २३०० म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षांहून थोडे अधिक होतात, आणि तो काळ या घटनेशीं बराचसा जुळतो. त्याचप्रमाणें ६६६ ही संख्या हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या नीरो कैसर या नांवाच्या अक्षरमूल्यांची बेरीज आहे, असें पुष्कळ पंडित मानतात. म्हणजे हे ग्रंथ सुमारें दोन सहस्र वर्षांनंतरच्या अमेरिकन शेतकऱ्यास वेळापत्रक पुरविण्यासाठीं रचलेले दिसत नाहींत. ज्यांचें मंदिर विटाळलें गेलें, ज्यांचे आप्त मारले गेले, अशा लोकांस 'हा जुलूम मोजका आहे, त्याचे दिवस भरत आले आहेत' एवढें सांगण्यासाठीं ते लिहिले गेले. ते आंकडे धीर देण्याचे आहेत.

एका अर्थानें मिलरच्या श्रोत्यांनींहि त्यांतून तोच धीर घेतला. मग बिघडलें कोठें? आशेला तारीख लावली गेली तेथें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत त्या दिवसाचें व घटिकेचें ज्ञान पित्यावांचून कोणासहि नाहीं, स्वर्गांतील दूतांसहि नाहीं, असें स्पष्ट सांगितलें आहे. मिलरला हें वचन पाठ होतें. दिवस आणि घटिका कळत नसली तरी वर्ष कळावयास कोणती हरकत आहे, अशी त्याची त्यावर तोड होती. शब्दाचा शब्दाशीं मेळ घालणारी बुद्धि वचनाच्या आशयास कशी वळसा घालून जाते, याचा हा उत्तम नमुना होय. शब्दसूचि एका शब्दाचीं सर्व स्थळें दाखविते. तो शब्द कोणीं, कोणास, कोणत्या संकटांत उच्चारला हें ती सांगूं शकत नाहीं.

१८४५ च्या आरंभीं मिलरला त्याच्याच बॅप्टिस्ट मंडळीनें बाहेर काढलें. त्यानें पुन्हां कोणतीहि तारीख सांगितली नाहीं. ख्रिस्त लौकरच येईल ही त्याची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत अढळ होती. शेवटीं शेवटीं त्याची दृष्टि गेली, आणि २० डिसेंबर १८४९ रोजीं तो वारला. आपला अंत कोणत्या दिवशीं आहे हें त्यासहि, आपणां सर्वांप्रमाणें, आगाऊ कळलें नव्हतें.