आजोबांचा गॉगल: खरा किती आणि डोळ्यांना बरा किती?

मे महिन्यातली गोष्ट. वर्ध्यात पारा ४५ च्या आसपास होता. हिंगणघाटकडचा एक तरुण आईचा रक्तदाब दाखवायला दवाखान्यात आला. आईची तपासणी झाल्यावर त्याने पिशवीतून चामड्याची एक जुनी डबी काढली.

"सर, आजोबांच्या पेटीत हा गॉगल सापडला. ओरिजिनल आहे का? आणि गाडीवर उन्हात घातला तर चालेल का?"

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. पण हे दोन प्रश्न मी आजवर अनेकांकडून ऐकले आहेत, कारण जुन्या धाटणीच्या गॉगलची सध्या हौस आहे. गंमत अशी की बहुतेकांना हा एकच प्रश्न वाटतो. "जुना माल आहे, ओरिजिनल आहे, म्हणजे डोळ्यांना चांगलाच असणार," असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्रेमवर मिळते आणि दुसऱ्याचे काचेत. आज या दोन्हींची ओळख करून घेऊ. थोडा इतिहासही पाहू, कारण त्याशिवाय ही ओळख पटत नाही.

सुरुवात सेवाग्रामपासून

जुन्या चष्म्याचा विषय वर्ध्यात निघाला की आधी गांधीजींचा गोल चष्मा आठवतो. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहायला आले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांचा चष्मा काळा नव्हता, नजरेचा होता. पण जुनी वस्तू ओळखायची कशी, हे त्यांच्या चष्म्यांच्या कथांवरून चांगले कळते.

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, वाटी आणि ताटली यांचा लिलाव झाला. विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलर देऊन या वस्तू घेतल्या. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत कोणीतरी पाकिटात घालून एक चष्मा टाकला होता. तो २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. गांधीजींनी हा चष्मा दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असलेल्या आपल्या नातलगाला दिला, अशी त्या कुटुंबातली माहिती होती. लिलावगृहाने तारखा आणि ठिकाणे जुळतात का ते पाहिले आणि मगच तो विक्रीला ठेवला. आपल्या सेवाग्राम आश्रमातलाही एक चष्मा नाहीसा झाल्याची बातमी जून २०११ मध्ये आली, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला होता.

यातून काय घ्यायचे? गोल तारेचे असे चष्मे त्या काळी हजारोंनी बनत होते. निव्वळ आकारावरून कोणताही चष्मा कोणाचा किंवा कधीचा हे सांगता येत नाही. वस्तूवरच्या खुणा आणि तिच्यासोबत आलेली खात्रीची माहिती, या दोहोंवरून ओळख पटते.

उपनेत्रापासून गॉगलपर्यंत

आपल्याकडे चष्मा फार जुना आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर संशोधन केले. विजयनगरचे व्यासराय स्वामी १५२० च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचत असल्याचा उल्लेख त्यांनी पुढे आणला. 'चष्मा' हा शब्द फारसीतल्या 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला, आणि 'उपनेत्र' हा संस्कृत शब्दही आपल्याकडे आहेच.

रंगीत काचेची कथा मात्र वेगळी आहे. १७५२ च्या सुमारास लंडनच्या जेम्स एस्कॉ यांनी निळ्या आणि हिरव्या काचेचे चष्मे सुचवले. पांढऱ्या काचेतून येणारी चकाकी डोळ्यांना त्रास देते, असे त्यांचे मत होते. उन्हापासून संरक्षण हा त्यांचा हेतू नव्हता.

डोळ्यांच्या संरक्षणासाठी काच बनवण्याचा शास्त्रीय प्रयत्न पुढे विल्यम क्रुक्स यांनी केला. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभे राहणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू लवकर होत असे. क्रुक्स यांनी काचेत वेगवेगळी धातुद्रव्ये मिसळून पाहिली आणि अतिनील किरण व उष्णता अडवणाऱ्या काचांचा अभ्यास १९१४ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या चष्मेवाल्यांच्या तोंडी असलेला 'क्रुक्स' हा शब्द याच शास्त्रज्ञाच्या नावाचा. म्हणजे संरक्षक चष्म्याचा जन्म कामगारांच्या आजारातून झाला.

फॅशन नंतर आली. १९२९ मध्ये सॅम फॉस्टर यांनी अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात एडविन लँड यांचे पोलरॉइड आले. त्याच दशकात बॉश अँड लॉम्ब कंपनीने वैमानिकांसाठी हिरव्या काचेचा, पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचा चष्मा काढला आणि १९३७ पासून तो रे-बॅन नावाने सर्वांना मिळू लागला. जाड प्लास्टिक फ्रेमचा वेफेरर १९५२ चा. ऊन-सावलीत रंग बदलणारी काच कॉर्निंग कंपनीने १९६० च्या दशकात आणली.

आज बाजारात 'व्हिंटेज' म्हणून जे आकार मिळतात, त्यातले बहुतेक याच काळातल्या आकारांच्या नकला आहेत.

फ्रेम कशी ओळखायची?

भिंग घ्या, चांगल्या उजेडात बसा आणि काड्यांची आतली बाजू, नाकावरचा पूल आणि काचेच्या कडा पाहा.

१. देशाचे नाव. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असे कोरले असेल, तर वस्तू १९४९ ते १९९० या काळातली, कारण त्याआधी आणि त्यानंतर पश्चिम जर्मनी नावाचा देशच नव्हता. अर्थात ठसा अस्सल असेल तर.

२. कंपनीची खूण. रे-बॅन १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बकडून इटलीच्या लक्झोटिका कंपनीकडे गेली. त्यामुळे जुन्या काचेवर बिजागरीजवळ 'बी' आणि 'एल' ही बारीक अक्षरे कोरलेली दिसतात, तर नंतरच्या काचेवर 'आर' आणि 'बी'. काचेवर एक खूण आणि काडीवर दुसऱ्या काळाची खूण असेल, तर काच बदललेली आहे किंवा माल नकली आहे.

३. आकडे. ५८ आणि १४ असे दोन आकडे आणि मध्ये छोटा चौकोन दिसला, तर पहिला आकडा काचेची रुंदी आणि दुसरा पुलाची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. चौकोनाची ही पद्धत १९६० च्या दशकापासून रूढ झाली.

४. 'सी ई' किंवा 'यूव्ही ४००'. 'सी ई' हा युरोपीय शिक्का १९९० च्या दशकातला. तो दिसला तर गॉगल आजोबांच्या तरुणपणचा नाही. 'यूव्ही ४००' हीदेखील अलीकडच्या मालावरची खूण आहे, आणि ती कोणीही छापू शकतो.

५. वास. प्लास्टिकची फ्रेम बोटाने जोरात घासा. कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची असू शकते, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर घालत. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट खराब होऊ लागले आहे. काडी पेटवून परीक्षा करू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेते.

काचेची परीक्षा

आता दुसरा प्रश्न, म्हणजे डॉक्टरचा प्रांत.

उन्हातले अतिनील किरण डोळ्याला वर्षानुवर्षे इजा करत राहतात. मोतीबिंदूला ते हातभार लावतात. बुबुळाच्या बाजूने वाढणारे मांस, म्हणजे टेरिजियम, हे उन्हातान्हात, धुळीत काम करणाऱ्यांमध्ये जास्त दिसते. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांमध्ये आणि बांधकामावरच्या मजुरांमध्ये मी ते नेहमी पाहतो.

काच काळी आहे म्हणजे हे किरण अडतात, हा मोठा गैरसमज आहे. काळेपणा आपल्याला दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण दिसत नाहीत, आणि ते अडवणे हा काचेचा वेगळा गुण आहे. साधी काच अतिनीलमधले यूव्हीबी किरण बरेच अडवते, पण यूव्हीएचा मोठा भाग तिच्यातून आरपार जातो. त्यात भर अशी की काळ्या काचेमागे अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. २ मिलिमीटरची बाहुली ४ मिलिमीटरची झाली, तर प्रकाश आत येण्याचे दार चौपट मोठे होते. काच किरण अडवत नसेल, तर असा गॉगल डोळ्यांचे नुकसानच करतो.

उलटेही खरे आहे. काही जुन्या, चांगल्या कंपन्यांच्या हिरव्या काचा अतिनील किरण उत्तम अडवतात, आणि आजची पूर्ण पारदर्शक पॉलिकार्बोनेट काचही ते अडवते. म्हणून रंग, वय किंवा किंमत पाहून अंदाज बांधू नका. चांगल्या चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटर असतो. त्यावर काच ठेवली की काही सेकंदांत उत्तर मिळते.

दुसरा धोका फुटण्याचा. जुन्या काचा बहुधा कडक केलेल्या नसत. अमेरिकेत चष्म्याची काच धक्का सोसणारी असली पाहिजे, हा नियम १९७२ पासून लागू झाला. दुचाकीवर खडा लागला किंवा पडलात, तर जुन्या काचेची कपची थेट डोळ्यात जाऊ शकते.

मोठेबाबांचा गॉगल

मी या विषयावर एवढे का लिहितो, तेही सांगतो.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दुपारी सूर्यग्रहण होते. खग्रास पट्टा कर्नाटक, आंध्र, ओडिशातून गेला आणि आपल्याकडे खंडग्रास दिसले. मी पाचवीत होतो. आम्हा मुलांना घरात कोंडले होते. माझे मोठेबाबा शाळेत शिक्षक, अंधश्रद्धा न मानणारे. त्यांच्याकडे एका नामांकित परदेशी कंपनीचा गॉगल होता, त्यांचा जीव की प्राण. "एवढी काळी काच आहे, काही होत नाही," म्हणत ते अंगणात गेले आणि डावा डोळा मिटून बराच वेळ सूर्याकडे पाहत राहिले.

दुखले काहीच नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, हीच यातली फसवणूक. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचताना उजव्या डोळ्याला ओळीच्या मधली अक्षरेच दिसेनात. याला सौर दृष्टिपटल-इजा म्हणतात. काही महिन्यांत अनेकांची नजर बरीच सुधारते. मोठेबाबांची थोडी सुधारली, पण मधला डाग शेवटपर्यंत राहिला. पुढे डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा पट्टी असेपर्यंत त्यांना समोरच्याचा चेहरा ओळखता येत नव्हता. मी आवाज दिला की ते माझ्याकडे वळत.

तो गॉगल आता माझ्याकडे आहे. खुणा भिंगाखाली पाहिल्या, अगदी अस्सल आहे. कंपनीची चूक काहीच नव्हती. कोणताही गॉगल, नवा वा जुना, सूर्याकडे पाहण्यासाठी नसतो. अगदी गडद गॉगलसुद्धा ३ टक्क्यांच्या वर प्रकाश आत सोडतो. ग्रहण पाहायच्या खास चष्म्यांतून त्याच्या हजारो पटींनी कमी येतो.

मग जुन्या गॉगलचे काय करायचे?

- घालायचा असेल तर आधी यूव्ही मीटरवर तपासून घ्या.
- हात लांब करून गॉगल धरा आणि काचेतून दाराची चौकट पाहा. गॉगल हलवताना बिननंबरच्या काचेतून चौकट वाकडी दिसली, तर डोके दुखणार.
- फ्रेम मजबूत असेल तर ती ठेवा आणि काच नवी, यूव्ही अडवणारी, न फुटणारी बसवा. जुन्या काचा जपून ठेवा.
- फार गडद काच गाडी चालवताना नको आणि रात्री तर कोणताही गॉगल नको.
- डोळे आलेल्या माणसाचा गॉगल घालू नका. साथ नजरेला नजर दिल्याने पसरत नाही. ती हात, रुमाल आणि अशा वस्तूंमधून पसरते.
- ग्रहण पाहायला गॉगल कधीही नाही.

त्या तरुणाच्या गॉगलच्या काडीवर 'मेड इन वेस्ट जर्मनी' होते आणि खुणा एकमेकींशी जुळत होत्या. मी त्याला म्हटले, "गॉगल जुना दिसतोय बेटा, पण काच तपासून ये." दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मीटरवर यूव्हीए बऱ्यापैकी आरपार जात होता. त्याने त्याच फ्रेममध्ये नवी काच बसवून घेतली.

"जुन्या काचा डबीत ठेव," मी सांगितले, "आणि सोबत एक चिठ्ठी. गॉगल कोणाचा, कोणी आणला, कधी घालायचे. आईला विचारून आजच लिही."

मागून आईचा आवाज आला, "लग्नात घातला होता म्हणा बाबांनी, फोटो आहे."