ग्रामीण प्रवासी वाहतुकीतील स्त्री-पुरुष समानता (बारामती व इंदापूर)

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत गावोगाव पोचणारी सार्वजनिक वाहतूक प्रामुख्याने महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची, म्हणजे एसटीची आहे. पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर कित्येक दशके चालक-वाहक पुरुषच असत.

प्रवासी म्हणून स्त्रियांची दखल तुलनेने लवकर घेतली गेली. राखीव आसने आली, शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळू लागला आणि 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना तिकिटात 50 टक्के सूट लागू झाली. मुलींच्या शिक्षणासाठी गाडी किती मोलाची, हे ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या काळातील एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने दाखवले. पास हातात होता, पण गाडीच नव्हती. वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपला रोज पैसे मोजणे अनेक घरांना परवडणारे नव्हते.

नोकरीतील समानता मात्र रेंगाळली. 1994 मध्ये बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्याचे पहिले महिला धोरण आले. सरकारी नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के आरक्षण मिळाले, एसटीतही खाकी गणवेशातल्या महिला वाहक दिसू लागल्या. खरी अडचण कामाच्या आखणीत आहे. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते, चालक-वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओवरीत झोपतात आणि पहाटे पहिली फेरी काढतात. ही ड्युटी पुरुष कर्मचारी गृहीत धरूनच बेतलेली आहे. महिला वाहकांना मुक्काम सहसा देत नाहीत. ही सोय रास्त असली, तरी गावात बंद खोली, दिवा आणि स्वच्छतागृह देणे हाच त्यावरचा खरा उपाय ठरेल. दिवसपाळीतही शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह नसेल, तर पाणी कमी पिऊन फेरी निभावावी लागते. स्थानकांवरील हिरकणी कक्षांनी स्तनदा मातांची सोय केली. फेरीवरच्या वाहकाची अडचण त्याने सुटत नाही.

स्टिअरिंग स्त्रीच्या हाती यायला आणखी उशीर लागला. 2019 च्या चालक भरतीत महिलांसाठी उंचीची व अवजड वाहन परवान्याची अट शिथिल करून प्रशिक्षण सुरू झाले. जून 2023 मध्ये बारामतीला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यात, सासवड-नीरा मार्गावर, महिला चालकाने प्रवाशांनी भरलेली एसटी चालवली. खासगी वडापमध्ये भरतीचा नियम नाही की आरक्षण नाही. तेथे चालक जवळपास सर्व पुरुषच आहेत.