स्क्रीन जळते म्हणजे नेमकं काय होतं? नोकिया 1100 ते ऑलवेज-ऑन डिस्प्ले

आजचा विषय रात्री तुमच्या उशाशीच पडलेला असतो. फोन झोपलेला, पण काळ्या काचेवर घड्याळ जागं. म्हणजे ऑलवेज-ऑन डिस्प्ले. बीडच्या बाजारात मोबाईल घ्यायला गेलात की कुणीतरी सांगतंच, "ते बंद ठेव, स्क्रीन जळंल." खरं आहे का हे? त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

कायम वेळ दाखवणारा फोन आपल्याकडं महागड्या मॉडेलमधून आला नाही. 2003 साली नोकिया 1100 आला. टॉर्चवाला, तोच! त्याच्या स्क्रीनवरची वेळ भर उन्हात तर जास्तच स्पष्ट दिसायची. कारण आकडे दाखवायला तिला स्वतःचा उजेड लागायचाच नाही, बाहेरचा उजेड पुरायचा. मागचा दिवा लागायचा तो बटण दाबल्यावर. त्यामुळं एकदा चार्ज केला की फोन काही दिवस चालायचा. आणि त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती बरं का. परळीला औष्णिक वीज केंद्र, अन् त्याच जिल्ह्यात लोडशेडिंगनं तासन्‌तास अंधार. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीत तर लाइटचा पत्ताच नसायचा. गावाकडं आजीजवळ ठेवलेल्या लेकरांचा आवाज ऐकायचा, तर बॅटरी टिकायलाच हवी.

मग स्क्रीनच बदलली. त्याची सुरुवात 1987 ची, अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला उजेड काढून दाखवला. तेच आजचं ओएलईडी. जुन्या एलसीडीत सगळ्या चित्रामागं एकच दिवा असतो. इथं प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र पणती, आणि काळा रंग म्हणजे विझलेली पणती. देवळातल्या नंदादीपात कुणीतरी तेल घालत राहतं, या पणत्यांत ते पुन्हा घालता येत नाही. कोडॅकच्या त्या पहिल्या दिव्याचा उजेड साधारण 100 तासांत निम्म्यावर आला होता! आज आयुष्य कैक पटींनी वाढलंय, तरी निळ्या रंगाची पणती अजूनही सगळ्यांत आधी थकते. एका जागचे ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जास्त थकले की तिथं कायमची सावली उरते. स्क्रीन 'जळते' ती अशी.

ही भीतीसुद्धा नवी नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्या मॉनिटरवर तीच अक्षरं उमटून राहायची. म्हणून 1983 मध्ये जॉन सोचा यांनी एक छोटा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही की पडदा काळा. स्क्रीनसेव्हर हे नाव असं शब्दशः खरं होतं, नाचणारी चित्रं नंतर आली.

ओएलईडीवर कायमचं घड्याळ 2010 च्या नोकिया एन8 मध्ये होतं, 2016 च्या गॅलेक्सी एस7 नं ते घरोघरी नेलं आणि आयफोनला त्यासाठी 2022 उजाडलं. पण बघा, त्या घड्याळात मोजक्याच पणत्या पेटतात, त्याही मंद, आणि बऱ्याच फोनमध्ये घड्याळ अधूनमधून जागा बदलतं. माझ्या मते या भानगडीत त्याचा दोष सगळ्यांत कमी. ते खातं ती बॅटरी. चार्जिंगसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत असेल, तर तेवढ्यासाठी बंद ठेवा.

स्क्रीनचं खरं नुकसान मे महिन्यातल्या उन्हात होतं. बाईकच्या होल्डरमध्ये फोन, ब्राइटनेस फुल, तासन्‌तास तोच मॅप, वरची पट्टी जागची हलत नाही, वर चाळीसच्या पुढचं तापमान. उष्णतेनं तर हे पदार्थ आणखी लवकर थकतात.

सेकंडहँड फोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी एक करा. ब्राइटनेस वाढवून कोरी राखाडी इमेज पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि वरची पट्टी, कीबोर्डची जागा नीट बघा. फिकट सावली दिसली तर भाव पाडा, नाहीतर सरळ दुसरा फोन बघा. ओएलईडी बदलायची म्हटलं तर खर्च काही हजारांत जातो.