सायकलचा ब्रेक आणि बदललेला प्रश्न

‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ म्हणजे सोबत आधार देऊन केलेली नोकरी. यावर वाचायला घेतलंत की आधी एका शब्दाशी गाठ पडेल. ब्रिटनच्या पेपरांत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे आणि अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ डिस्लेक्सियासारख्या अडचणी. कीवर्ड टाकण्याआधी हे लक्षात ठेवा, नाहीतर भलतेच पेपर गोळा होतील. इथे विषय बौद्धिक अक्षमतेचा आहे.

अमेरिकेत अशा प्रौढांना काम मिळायचं ते बहुतेक संरक्षित कार्यशाळांत. मोजणं, भरणं, बांधणं. १९३८च्या कामगार कायद्यातल्या सवलतीमुळे मजुरी किमान वेतनाहूनही कमी देता यायची. ‘आधी तयार व्हा, मग बाहेरची नोकरी’ हा तिथला नियम. तयारी मात्र संपायची नाही.

१९७२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क गोल्ड यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कार्यशाळांमधले ६४ जण घेतले. काम होतं सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायचं. निम्म्यांना भाग कारखान्यातून आले तसेच दिले. उरलेल्यांच्या भागांना रंग होता: भाग योग्य ठेवला की जी बाजू समोर येते, तेवढीच रंगवलेली. नंतर सगळ्यांना २४ भागांचा दुसरा ब्रेक दिला, बिनरंगाचा. जवळजवळ सगळे दोन्ही ब्रेक शिकले, आणि रंगवाले पहिला ब्रेक लवकर शिकले.

आता डिझाइन नीट बघा. इथे बदललेला घटक माणसाची बुद्धी नाही, शिकवण्याची पद्धत आहे. जमलं नाही तर चूक शिकवणाऱ्याकडे शोधायची. माझ्या मते या विषयातली खरी उडी हीच; बाकी बरंचसं तिचा विस्तार.

पुढे व्हर्जिनियात पॉल वेमन आणि सहकाऱ्यांनी क्रमच उलटा केला: आधी खरी नोकरी, मग तिथेच प्रशिक्षण. जॉब कोच सोबत राहतो, काम शिकवतो आणि हळूहळू बाजूला होतो. १९८६च्या कायदा-दुरुस्तीने याला सरकारी निधी मिळाला.

मोजमापात मात्र एक गोची आहे. पगार आणि तास मोजणं सोपं. डबा खाताना शेजारी कोण बसतं, हे कोणत्या स्केलवर मोजाल? विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

भारतात १९९५च्या कायद्यातल्या ३ टक्के नोकरी-आरक्षणात बौद्धिक अक्षमता नव्हतीच. २०१६च्या कायद्यात ती आली, पण १ टक्क्यात इतर अनेक गटांसोबत. त्यातही आधी योग्य पदं ‘निश्चित’ करावी लागतात. म्हणजे हा माणूस काय करू शकेल, हे त्याला कुणी शिकवून पाहण्याआधीच ठरतं.