ओळंबा, शंकू आणि डुलणारं जहाज

राळेगावात घराची भिंत चढायला लागली की गवंडी ओळंबा सोडतो. वजन झुलायचं थांबेपर्यंत थांबतो, मगच वीट सरळ करतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण धक्क्याला बांधलेल्या जहाजाचं दुखणं नेमकं हेच आहे: तिथे ओळंबा थांबतच नाही.

'आयएनएस' म्हटलं की आपल्याला नौदलाचं जहाज आठवतं. त्या जहाजाच्या पोटातही एक आयएनएस असते, इनर्शियल नॅव्हिगेशन सिस्टिम. तारा, किनारा, उपग्रह काहीही न बघता, केवळ धक्के आणि वळणं मोजून ती जहाज कुठे पोचलं ते सांगते. निघण्याआधी मात्र तिला खाली कुठे आणि उत्तर कुठे, हे पक्कं कळावं लागतं. इथली चूक प्रवासभर पाठ सोडत नाही.

ही खटपट फार जुनी. कात्यायन शुल्बसूत्रात वेदीसाठी दिशा काढायची रीत आहे. आधी जमीन सपाट करायची, मग शंकू, म्हणजे उभी काठी, रोवून त्याच्याच उंचीच्या दोरीने वर्तुळ आखायचं. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खुंट्या ठोकायच्या. त्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. एका सावलीने भागत नाही, दोन लागतात.

सूर्याशिवाय उत्तर शोधायची वाट फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने 1852 मध्ये जायरोस्कोपने, म्हणजे वेगाने फिरत आपली दिशा धरून ठेवणाऱ्या चाकाने, दाखवली. ती जहाजावर आणली हर्मान आन्शुट्झ-केम्फे या जर्मन गृहस्थाने. शिक्षण कलेतिहासाचं, आणि हौस पाणबुडीने बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठायची! 1908 मध्ये त्याचं जायरो होकायंत्र युद्धनौकेवर तपासलं गेलं. लाटांच्या डुलण्याने ते फसायचं, म्हणून 1912 मध्ये एकाऐवजी तीन जायरो आले. त्याचाच नात्यातला भाऊ माक्स शूलर याने 1923 मध्ये मूळ दुखण्यावर बोट ठेवलं: ओळंब्याची दोरी पृथ्वीच्या त्रिज्येएवढी, म्हणजे सुमारे 6,370 किलोमीटर असती, तर जहाज कितीही वेग बदलो, तो खालीच बघत राहिला असता. त्याचा एक झोका 84.4 मिनिटांचा. अशी दोरी कोण वळणार? पण जायरोच्या जुळणीतून तेवढाच झोका साधता येतो.

पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. जहाज तेवढं काही सेकंदांत डोलू शकतं. या गोंगाटातून उत्तर काढायची अलीकडची युक्ती देखणी आहे. जायरोंनी मोजलेलं डुलणं हिशेबातून वजा करायचं आणि खालची दिशा ताऱ्यांच्या स्थिर चौकटीत बघायची. तिथे राळेगावच्या गवंड्याचा ओळंबासुद्धा तासाभरात सुमारे 14 अंश वळलेला दिसतो. दोन वेगवेगळ्या क्षणांच्या 'खाली' जोडल्या की पृथ्वीचा अक्ष सापडतो, आणि अक्ष सापडला की उत्तर. शंकूच्या दोन सावल्यांचीच ही रीत.

उरते जायरोची स्वतःची खोड. मुंबई बंदरात पूर्व-पश्चिम अक्षाभोवतीचं फिरणं मोजणारा जायरो ताशी फक्त 0.01 अंश चुकला, तरी शंभर किलोमीटर गेल्यावर जहाजाची मोजणी सुमारे 70 मीटर बाजूला सरकते.