बोललेल्या शब्दावर चालणारा संगणक

मालकाने हुकूम सोडावा आणि जिनने तो तात्काळ पार पाडावा, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. शब्दावर चालणारे यंत्र प्रत्यक्षात येण्यास मात्र फार काळ लागला. विद्यार्थ्यांना त्याची हकीगत ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९५२ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. त्यास केवळ आकडे समजत, तेही परिचित आवाजात, थांबून थांबून उच्चारले तर. १९६२ मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएम कंपनीने ‘शूबॉक्स’ मांडला. त्यास १६ शब्द कळत. आकडे सांगून ‘प्लस’, ‘टोटल’ म्हटले की तो हिशेबयंत्राकडून बेरीज करवून घेई. तोंडी आज्ञेवर यंत्राने काम करण्याचा हा आरंभ म्हणावयास हरकत नाही.

पुढील मोठे पाऊल एका भारतीयाच्या हाताखाली पडले. आंध्रातील कट्टूर या खेड्यात १९३७ साली जन्मलेले राज रेड्डी अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७३ च्या सुमारास त्यांच्या चमूने तोंडी चाली सांगून संगणकाशी बुद्धिबळ खेळून दाखविले. १९७६ मध्ये तेथीलच ‘हार्पी’ १,०११ शब्द ओळखू लागला. त्यांचेच विद्यार्थी जेम्स व जॅनेट बेकर या दांपत्याने ‘ड्रॅगन’ कंपनी काढली. तिचे १९९० चे उत्पादन ९,००० डॉलरला मिळे आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. सलग बोलणे टिपणारे उत्पादन १९९७ साली आले.

हे इतके अवघड का? आवाज म्हणजे हवेतील कंप. मायक्रोफोन त्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. संगणक त्या लहरीचे बारीक बारीक तुकडे पाडून साठविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधतो. तेव्हा सारी मदार नमुन्यांवर. आपल्या घरच्या दखनीत ‘पानी’, शाळेच्या मराठीत ‘पाणी’. ज्याने ‘पानी’ कधी ऐकलेच नाही, तो संगणक चुकणारच. इंग्रजीतही फजिती होते. २००६ साली विंडोज व्हिस्टाच्या जाहीर प्रात्यक्षिकात पत्राचा मायना आईच्या नावे सांगितला असता संगणकाने ‘आंट’ लिहिले. आता ही आत्या, मावशी की काकू, हे इंग्रजांनाच ठाऊक!

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव यांनी हिंदी बोलणे समजणारी प्रणाली उभारली. तिचा शोधनिबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच संस्थेने मराठीतून बाजारभाव सांगणाऱ्या टेलिफोन सेवेसाठी काम केले. शेतकऱ्याने जिल्हा व शेतमालाचे नाव उच्चारावे आणि भाव ऐकावा, अशी ती योजना. त्याकरिता महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले गेले. वसमतच्या बाजारात हळद नेणाऱ्या माणसास अशा सेवेचे मोल वेगळे सांगावयास नको.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी लेखनात मराठी व उर्दू एकाच वेळी दाखल झाल्या. तरीपण येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मजकूर सांगणे वेगळे, संगणकाला हुकूम देणे वेगळे. ‘फाइल उघड’, ‘खाली सरक’, ‘ही ओळ पूस’ हे हुकूम मराठीत चालत नव्हते. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टात संगणक आवाजावर चालविण्याची सोय होती, परंतु मोजक्या परदेशी भाषांत. २०२२ च्या ‘व्हॉइस ॲक्सेस’चा प्रारंभदेखील अमेरिकन इंग्रजीनेच झाला. हात अधू असल्याने कळफलक वापरू न शकणाऱ्या मुलाला हीच सोय सर्वांत अधिक हवी. त्याने आधी इंग्रजी शिकावे आणि मग संगणकाला हात, नव्हे आवाज, लावावा, हा कुठला न्याय?

जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील ‘भाषादान’ योजनेत कोणीही पडद्यावर दिसणारे वाक्य मोठ्याने वाचून आपल्या आवाजाचा नमुना देऊ शकतो. त्यासाठी ना पदवी लागते ना शुद्ध पुणेरी उच्चार. वाक्ये मराठीत आहेत, उर्दूतही आहेत.