डांबराची सुई आणि पाण्यातली खडी

आमच्या प्रयोगशाळेत डांबराची परीक्षा सुईने व्हायची. २५ अंशांच्या पाण्यात डांबराची वाटी, वर १०० ग्रॅम भाराची सुई. ती ५ सेकंद मोकळी सोडायची. ८ ते १० मिलिमीटर रुतली तर प्रत ८०/१००, सहा-सात रुतली तर ६०/७०. २००६ साली प्रतवारी चिकटपणावर गेली, व्हीजी-३० आलं, आणि सुईचा मान उतरला.

पण डांबर दगडाला धरून राहील का, हे सुईला कधीच कळत नव्हतं. त्यासाठी डांबर माखलेली २०० ग्रॅम खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि कुठे दगड उघडा पडला ते नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं. पाच टक्क्यांवर सुटलं की नापास. (दोघांनी पाहिलं तर आकडे दोन निघत.)

दख्खनचा काळा पाषाण सहसा पास होई. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त; त्याची डांबरापेक्षा पाण्याशी सलगी. त्यावरचा जुना, स्वस्त उपाय म्हणजे विरलेल्या चुन्याची भुकटी, खडीच्या वजनाच्या दीड-दोन टक्के. डांबरातल्या आम्लांशी चुन्याचा पाण्यात न विरघळणारा संयोग होतो आणि पकड टिकते. चुन्याला प्रसिद्धी मात्र कधी मिळाली नाही.

ती मिळाली टायरला. अमेरिकेत फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी १९६०च्या दशकात टायरचा भुगा गरम डांबरात घोळवला. हलकी तेलं शोषून रबराचे कण फुगतात, डांबर दाट आणि लवचिक होतं. पण पाऊण-एक तास कढत ठेवण्याचा धीर हवा.

मग प्लॅस्टिक. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची खरी करामत क्रमात आहे, असं माझं मत. पॉलिथिन डांबरात घोळलं तर साठवणीत वेगळं होऊन वर तरंगतं. त्यांनी ते आधी तापल्या खडीवर टाकलं. १६०-१७० अंशांना ते वितळून दगडावर पातळ थर धरतं, डांबर नंतर. मदुराईचा दगड ग्रॅनाइटच्या जातीचा, म्हणून तिथे हा थर विशेष मोलाचा. २००२ साली चेन्नईच्या जंबुलिंगम स्ट्रीटवर असा रस्ता झाला, २०१३ साली इंडियन रोड्स काँग्रेसने नियम छापले: डांबराच्या सहा ते आठ टक्के प्लॅस्टिक, पीव्हीसी वर्ज्य.

एवढं छापील असूनही कुणी कंत्राटदार ‘थेट बॉयलरमध्येच टाकतो’ म्हणाला, की मी त्याला खडीचा पारा विचारायचो.